चर्चच्या कुंपणावरची चटई

केलेपीला लाज म्हणून काही उरलेली नाही. आज सकाळी तो माझ्या अंगणात आला तो कंबरेला सुतकाची चटई न गुंडाळता. राजाला मातीत ठेवून अजून शंभर दिवस व्हायचे आहेत, सगळा टोंगा काळ्या कपड्यांत आहे, शाळेत जाणारी पोरंसुद्धा कंबरेला फाटकी चटई बांधून जातात, आणि माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा नुसत्या काळ्या लुंगीवर माझ्यासमोर उभा! हातात मात्र टोपली. टोपलीत भाजलेलं डुकराचं पिल्लू, दोन कोनफळं, वर केळीचं पान. आत्याकडे पोरीसाठी नाव मागायला मोकळ्या हाताने जात नाहीत, एवढं बाकी त्याला आठवलं होतं.

"आत्या," तो पायरीच्या खाली मांडी घालून बसला, "मुलगी होऊन आठ दिवस झाले. लेसिएली म्हणते, आता नाव द्या."

"चटई कुठे आहे?"

"हरवली."

"हरवली? ते काय सदऱ्याचं बटण होतं? चार हात चटई हरवते कशी?"

"त्या दिवशी शहरात गर्दी होती, आत्या. खूप जणांच्या हरवल्या."

"बैस," मी म्हटलं. "उन्हातच बैस." आणि घरात आले.

चटई हरवली नव्हती. तीन आठवडे ती माझ्या गादीखाली होती. पोलीस दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी त्या गादीवर बसून त्यांना लिंबाच्या पानांचा चहा पाजला आणि म्हटलं, माझी नजर अधू झालीय बाबांनो, मी काही पाहिलं नाही. माझी नजर चांगली आहे. अजून दिव्याशिवाय पाती विणते मी.

मी शाळेत तीन वर्षं गेले, तेवढीच. पुढे आईने हातात केवड्याची पाती दिली. त्यामुळे देश म्हणजे काय, हे मला पुस्तकातून कोणी शिकवलेलं नाही. पण राजा गेला त्या सकाळी मला ते कळलं असं वाटलं होतं. आम्ही बायका विणायच्या पडवीत बसलो होतो. रोज त्या वेळी रेडिओवर बोटींच्या वेळा सांगतात. त्या दिवशी वेळा आल्याच नाहीत, एकदम स्तोत्र लागलं. एक संपलं की दुसरं. फाताई माझ्या शेजारी बसते, तिची जीभ कधी टाळूला लागत नाही, ती गप्प झाली. मग माणूस बोलला, आणि बोलता बोलता त्याचाच आवाज फुटला. आम्ही सगळ्यांनी हातातली पाती खाली ठेवली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, तरी संध्याकाळपर्यंत रस्त्यावर रंगीत कापड दिसेनासं झालं. चर्चच्या कुंपणाला कोणीतरी काळं आणि जांभळं कापड बांधलं. ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्याच्या दारात लोक जाऊन बसले. मला वाटलं, हाच देश. सगळ्यांना एकाच वेळी रडू येतं, तो देश.

त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने रडला तो केलेपी. सव्वीस वर्षांचा घोडा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्यासाठी सुतकाची चटई विणली, जाडी, खरबरीत, कडा न कापलेली, झिरमिळ्या गुडघ्यापर्यंत. माझ्या चटईची कड मी तीन पात्यांची वळते, बाकी सगळ्या दोनची वळतात. आईची कड आहे ती. बांधताना मी त्याला म्हटलं, "ही अंगावर असेपर्यंत तू राजाचा माणूस आहेस. ही जमिनीवर पडता कामा नये."

"नाही पडणार, आत्या."

पडू दिली नाही, हे मात्र खरं. त्याचा शब्द त्याने तेवढा पाळला.

आता मेइचं, त्या चिनी बाईचं, सांगते. माझ्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडे, भावाच्या जमिनीच्या कोपऱ्यावर तिचं दुकान होतं. माझा भाऊ सेमिसी जिवंत असताना त्याने ती जागा तिला दिली. मीठ, साखर, डब्यातलं मांस, केरोसीन, बॅटरीचे सेल, सगळं तिच्याकडे. ती, तिची पाच वर्षांची मुलगी लान, आणि सासरा. नवरा ऑकलंडला कामाला. सासऱ्याला गाव बाबा वू म्हणायचं. त्याचे पाय लुळे पडले होते. मागच्या खोलीत खिडकीशी त्याचा पलंग. तो पलंग केलेपीने केला होता, माडाच्या लाकडाचा, बुटका, म्हाताऱ्याला खिडकीतून रस्ता दिसेल एवढाच उंच. म्हाताऱ्याला आमची भाषा येत नव्हती, केलेपीला त्याची नाही. तरी दोघे दुपारभर पटावर सोंगट्या सरकवत बसायचे. हरला की केलेपी कपाळावर हात मारायचा आणि म्हातारा खो खो हसायचा, ते मला पडवीत ऐकू यायचं.

आणि पडवीत आम्ही काय बोलायचो, तेही सांगते. लपवायचं तर मग सांगायचं कशाला?

"मेइने साखर पुन्हा महाग केली," फाताई म्हणायची.

"करणारच," मी म्हणायचे. "आपल्या बायकांच्या टपऱ्या बंद पाडल्या, आता ती राणी. एक दिवस ही सगळी गलबतात बसून गेली ना, की गाव पुन्हा आपलं होईल."

"अगं, मग तुला सेल कोण देईल? तुझा रेडिओ मुका होईल!"

"मुका झालेला चालेल. तुझ्यापेक्षा बरा."

सगळ्या हसायच्या. केलेपी पाती वाहून आणायचा, तोही हसायचा. मी संध्याकाळी पुन्हा मेइच्या दुकानात जाऊन तिच्याशी गप्पा मारायचे, लानच्या तोंडात खोबऱ्याची वडी कोंबायचे. माझ्या मनात काही वाईट नव्हतं. पण केलेपीच्या कानात काय राहिलं, ते मला कुठे दिसत होतं?

राजाला पुरलं, आणि मग महिनाभराने शहराकडून हवा बदलू लागली. राज्यकारभारात लोकांचं मत जास्त असावं म्हणून माणसं संसदेजवळच्या मैदानात बसत होती. बसू देत, मला त्यात वाईट वाटलं नव्हतं. मोठ्या लोकांना घाई नव्हती, हे आम्हालाही दिसत होतं. पण मैदानात बसायला आमच्या गावातून जो ट्रक जायचा, त्यातून आधी म्हातारी माणसं जायची, बायबल घेऊन. हळूहळू ती जायची थांबली. ट्रकमध्ये नुसती पोरं दिसू लागली. सुतकात गाणं वाजवायचं नाही, मोठ्याने हसायचं नाही, म्हणून ती गप्प बसलेली असायची. काळे कपडे, कंबरेला चटया, आणि एकही तोंड हलत नाही. जाणाऱ्या ट्रककडे कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. फाताई म्हणाली, "मयताला चाललेत असं वाटतं." मी म्हटलं, "मग बरोबरच आहे, सुतकच आहे." पण विणताना माझी कड दोनदा चुकली.

केलेपी रोज जायचा. परत आला की माझ्या पायरीशी बसून शहरातलं सांगायचा. आधी मतांचं सांगायचा, मंत्र्यांचं सांगायचा. मग एक दिवस म्हणाला, "पोरं विचारतात, आत्या. म्हणतात, तुझ्या बापाच्या जमिनीवर चिनी बसलाय आणि तू कसला टोंगन?"

"मग तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार?"

"म्हणायचं होतंस, माझ्या बापाने शब्द दिलाय."

तो हसला. ते हसणं मला आवडलं नाही. पण मी उठून पाती भिजत घातली, आणि विसरले. विसरले म्हणजे, विसरायचं ठरवलं.

जाळपोळीच्या आदल्या दिवशी मेइ पडवीत आली. ती कधी पडवीत येत नसे. दारात उभी राहिली, लानचा हात घट्ट धरलेला.

"आजी, शहरात दुकानांवर लोक पाट्या लिहितात."

"कसल्या पाट्या?"

"रंगाने. हे टोंगन माणसाचं दुकान आहे, असं. मोठमोठ्या अक्षरात." तिला आमची भाषा तुकड्या-तुकड्यांनी येते, पण ते तिने नीट सांगितलं. "माझी बहीण म्हणते, सगळे बंदरापाशी या, एका घरात राहू. बाबांना न्यायला ट्रक पाहिजे. केलेपीला विचारू?"

फाताई म्हणाली, "तूही लिही ना गं पाटी."

"तिने लिहिली तर रंगालाच लाज वाटेल," मी म्हटलं, आणि सगळ्या हसल्या. मेइ हसली नाही.

"आजी, तुम्ही लिहाल? ही जमीन सेमिसीची आहे, एवढं? तुमचं नाव?"

आता ऐका मी काय केलं. मला राग आला. माझ्या गावात, माझ्या घरासमोर, मी बसलेली असताना, दारावर रंगाने नाव लिहून ओळख सांगायची? हा टोंगा आहे. आमच्याकडे राजाच्या सुतकात कोणी खडा फेकत नाही. मी तिला तसंच सांगितलं.

"मी इथे बसलेय ना? माझ्या भावाच्या जमिनीला कोण हात लावतंय बघते मी. उगाच म्हाताऱ्याला हलवू नकोस. त्याचं हाड मोडेल वाटेत. घरी जा आणि दुकान उघड."

"काही होणार नाही?"

"काही होणार नाही."

दोन अक्षरं लिहायला किती वेळ लागला असता? माझं नाव लिहिण्यापुरती मी शिकलेय. रंगाचा डबा चर्चच्या मागे पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला रेडिओवरचा माणूस बोलता बोलता थांबला. मग पुन्हा स्तोत्र लागलं. फाताईने माझ्याकडे बघितलं. "आता कोण गेलं?" ती म्हणाली. थोड्या वेळाने शहराच्या बाजूला आभाळ तपकिरी झालं. पुढच्या गावात झाडांना लटकलेली वटवाघळं दिवसाउजेडी उठली आणि आमच्या डोक्यावरून समुद्राकडे गेली, हजारो, एकही आवाज न करता. डुकरं घरांखाली शिरली. मी मेइला हाक मारायला म्हणून पडवीतून उतरले, तेवढ्यात ट्रक आला.

सूर्य मावळायचा होता अजून. उजेड चांगला होता. ट्रक चर्चपाशी थांबला, दुकानापाशी नाही. पंधरा-वीस पोरं उतरली. तोंडाला सदरे बांधलेले, काळे. आपापल्या कंबरेच्या चटया त्यांनी ट्रकमध्येच टाकल्या असाव्यात, कारण कोणाच्याच कंबरेला काही नव्हतं. एक जण कुंपणापाशी थोडा वेळ मागे राहिला, मग पळत त्यांना जाऊन मिळाला. काच फुटली. मी रस्त्याच्या मधोमध होते. मेइ मागच्या दाराने धावत माझ्याकडे आली, लान काखेत, चप्पल एकाच पायात. "बाबा!" ती म्हणाली. "बाबा आत!"

मी ओरडले. आयुष्यात इतक्या मोठ्याने ओरडले नव्हते. "थांबा! आत म्हातारा आहे! थांबा!"

कोणी थांबलं नाही. एक जण थांबला. दारात, हातात डबा, मान न वळवता, एक पाय उचललेला तसाच. आत्याच्या आवाजावर भाच्याचा पाय थांबतो, तो लहानपणापासून तसा शिकवलेला असतो. दुसऱ्या कोणाच्या पोराला माझ्या आवाजाचं काय? मग मागून कोणीतरी ओरडलं, "काय रे, तुझीच जमीन ना?" आणि तो पाय पुढे पडला.

केरोसीनचे डबे दुकानातच होते. फार वेळ लागला नाही. पाद्री आणि फाताईचा नवरा मागच्या भिंतीपर्यंत गेले, पाद्रीच्या हातांची कातडी गेली. मेइला मी धरून बसले होते, ती माझ्या हाताला चावली, अजून वण आहे. खिडकीतून आधी हाक येत होती. नंतर येईनाशी झाली.

सकाळी मी चर्चकडे गेले. कुंपणावर, काळ्या-जांभळ्या कापडाच्या वर, एक चटई ठेवलेली होती. टाकलेली नाही, ठेवलेली. चार घड्या, झिरमिळ्या आत वळवलेल्या, वर काथ्याची दोरी गुंडाळून. बाकीच्यांनी चटया ट्रकमध्ये फेकल्या. माझ्या भाच्याने मात्र असलं काम राजाच्या सुतकाची चटई नेसून करायचं नाही म्हणून ती सोडली, जमिनीवर पडू नये म्हणून कुंपणावर ठेवली, आणि मग डबा उचलला. परत न्यायला त्याला भान राहिलं नसेल. मी कड बघितली. तीन पात्यांची.

मी ती उचलून लुगड्याआड धरली आणि घरी आले.

चार दिवसांनी मेइ गेली. त्यांच्या सरकारने विमान पाठवलं होतं. त्याआधी मी म्हाताऱ्याला गुंडाळायला माझ्या पेटीतली सगळ्यात बारीक विणीची चटई काढली. ती मी माझ्यासाठी ठेवली होती. तिच्या बहिणीच्या बंदरापाशीच्या घरी घेऊन गेले. मेइने ती हातात घेतली, मांडीवर ठेवली आणि खूप वेळ हात फिरवत बसली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "आजी, तुम्ही म्हणाला होतात, काही होणार नाही." एवढंच. ओरडून नाही, बाजारात भाव विचारावा तसं. लान माझ्याकडे आली नाही.

परत येताना ट्रकमध्ये रेडिओ लावलेला होता. कोणीतरी मोठा माणूस सांगत होता, आपला देश शांत आहे, आपले लोक प्रेमळ आहेत. ट्रकमधले सगळे माना हलवत होते. मीही हलवली, सवयीने. राजा गेला तेव्हा सगळे एकत्र रडलो, तो देश, असं मला वाटलं होतं. पण म्हातारा जळाला तेव्हा सगळे एकत्र गप्प बसलो, तोही तोच देश. कपडेही तेच होते, काळे. पोलीस विचारायला आले तेव्हा फाताईने सांगितलं, ती वडी थापत होती. पाद्रीने सांगितलं, धूर होता. मी चहा पाजला. कोणी कोणाला काही शिकवलं नव्हतं, तरी सगळ्यांची उत्तरं जुळली.

रात्री गादीतून ती चटई पाठीला टोचायची. मी कूस बदलायचे नाही.

मग लेसिएलीला मुलगी झाली. बघायला गेले. केलेपीची जळलेली डावी भुवई अजून उगवलेली नव्हती. तो माझ्याकडे बघत नव्हता, मुलीकडेही नाही. लेसिएली म्हणाली, "आत्या, तो झोपत नाही. तुम्ही नाव दिलंत की ठीक होईल. तुमचा शब्द लागतो." ती बिचारी, तिला काही माहीत नाही. किंवा आहे. आमच्याकडे पोराला नाव घरातली थोरली आत्या देते. तिने तोंड फिरवलं तर त्या घरावर सावली येते, असं सगळे मानतात, मीही मानते. माझ्या आत्याने तोंड फिरवलेलं एक घर मी पाहिलंय. आता तिथे गवत आहे.

म्हणून आज मी गादी उचलली, चटई काढली आणि बाहेर आले. केलेपी उन्हात तसाच बसला होता. टोपलीवर माश्या. मी चटई त्याच्या समोर, पायरीवर ठेवली. जमिनीवर नाही.

त्याने बोट लावून तिची कड चाचपली. मग म्हणाला, "कुठे सापडली?"

"जिथे तू ठेवलीस."

"आत्या, मी खिडकीपाशी जाऊन ओरडलो होतो. आधी. बाहेर पडा म्हणून."

"त्याच्या भाषेत ओरडलास?"

त्याने टोपलीवरचं केळीचं पान सारखं केलं.

"तो पलंग कोणी केला? त्यावरून तो कधी आपला आपण उतरला होता?"

"मला वाटलं मेइने त्याला आधीच नेलं असेल. सगळे चिनी बंदरावर जाणार असं शहरात म्हणत होते. ती का गेली नाही?"

"मी जाऊ दिलं नाही म्हणून."

त्याने मान वर केली. पहिल्यांदा. डोळे लाल, आणि त्यात राग होता, हे मला बरं वाटलं. नुसती भीती असती तर मी काय करणार होते?

"तुम्हीच म्हणायचात," तो म्हणाला. "पडवीत. ही सगळी गलबतात बसून गेली की गाव आपलं होईल. किती वेळा म्हणालात. सगळ्या हसायच्या. मी टोंगासाठी केलं, आत्या. राजा गेल्यावर कोणीतरी काहीतरी करायला हवं होतं. सगळे म्हणत होते."

"म्हटलं होतं मी."

"मग?"

"मग काय? मी म्हटलं, तू केलंस. दोघांनी मिळून केलं म्हणू हवं तर. टोंगाने काय केलं त्यात? टोंगा पटावर सोंगट्या सरकवायला बसला होता का त्याच्याबरोबर?"

तो रडू लागला, राजाच्या वेळी रडला तसा, मोठ्याने. माझ्या मांडीकडे सरकला. मी पाय मागे घेतले. शेजारच्या अंगणात फाताई पाती पसरत होती, तिचे हात थांबले. रस्त्यापलीकडे काळा चौकोन आहे, तिथे कोणी जात नाही, कोंबड्यासुद्धा नाहीत.

"नाव द्या, आत्या," तो म्हणाला. "तिचं काय चुकलं? आठ दिवसांची आहे. नाव द्या, मग काय ते बोला."

मुलीचं काही चुकलं नाही, हे मला माहीत आहे. तेवढ्यासाठी मी गेले आठ दिवस तोंडातला घास गिळू शकले नाही. पण आज नाव दिलं असतं, तर तो ते घेऊन घरी गेला असता, डुक्कर कापलं असतं, गाव जेवलं असतं, आणि त्या चौकोनावर पुढच्या पावसात गवत उगवलं असतं. आणि पुढच्या वेळी रेडिओवर स्तोत्र लागलं की पुन्हा ट्रक आला असता.

मी पायरीवर उभी राहिले. हळू बोलले नाही. फाताईलाही ऐकू जावं, तिच्या नवऱ्यालाही, पाद्रीलाही, असंच बोलले.

"ऊठ, केलेपी. ही चटई बांध. नीट बांध, सरकारी दारात जाताना माणूस नीट बांधून जातो. चौकीत जा आणि तुझं नाव सांग. बापाचं सांग, गावाचं सांग, बाबा वूचंही सांग, त्याचं नाव तिथे कोणालाच माहीत नाही. मीही येतेय तुझ्याबरोबर, ही चटई तीन आठवडे कोणाच्या गादीखाली होती ते सांगायला. तू तुझं नाव तिथे देऊन ये, मग मी तुझ्या मुलीला नाव देईन. नाही गेलास, तर ती बिननावाची राहील, माझ्या मरणानंतरही, आणि तिला हाक मारायला तू तोंड उघडशील तेव्हा तुझ्या तोंडातून धूर निघेल. ऊठ."